सत्तावीस भोकांचा स्वेटर

मी एक जुना लाकडी गोळा आहे. मुठीएवढा, वरून गुळगुळीत, खाली धरायला बोटभर दांडी. मला पाहून कुणी दाराची मूठ म्हणतो, कुणी मोडका भोवरा. एका पाहुण्याने तर मला खलबत्त्याचा दांडा समजून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले होते. मित्रांनो, त्यात त्या बिचाऱ्याची चूक नाही. माझे काम आता फारसे कुणी करत नाही. मी रफूचा गोळा आहे. मोज्याला भोक पडले किंवा स्वेटरचे कोपर विरले की मला आत घालतात, माझ्या पाठीवर ते भोक नीट बसवतात आणि मग वरून सुई चालते.

जगातली सगळी भोके लोक बाहेरून पाहतात. मी ती आतून पाहिली आहेत.

मोज्याच्या आत काळोख असतो. भोक म्हणजे त्या काळोखाला पडलेली खिडकी. तिच्यातून मला उजेड दिसतो, वर वाकलेला चेहरा दिसतो, सुईचे टोक दिसते. मग एक धागा या काठापासून त्या काठापर्यंत उभा जातो. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, दहावा. मग आडवा धागा निघतो, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. उजेडाचे चौकोनी तुकडे पडतात. ते तांदळाएवढे होतात, मोहरीएवढे होतात, आणि एका क्षणी काळोख होतो. जिथे काहीच नव्हते तिथे कापड असते! हे मी हजार वेळा पाहिले असेल, आणि हजार वेळा थक्क झालो आहे. लाकडाला श्वास नसतो म्हणून बरे, नाहीतर प्रत्येक वेळी रोखून धरावा लागला असता.

माझा जन्म एका कातार्‍याच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे लाकूड गरागरा फिरवून त्यावर पटाशी धरणारा कारागीर. खाटेचे पाय, पाळण्याच्या दांड्या, पोळपाट-लाटणी असे सगळे तो करायचा. मीही खरे तर खाटेचा पाय व्हायचा होतो, पण निम्म्यावर लाकडाला चीर गेली. दुसरा कुणी असता तर त्याने मला चुलीत घातले असते. या कातार्‍याच्या मुलीचे लग्न आठ दिवसांवर होते. त्याने चिरलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या भागाचा गोळा केला. मग त्याने मला दोन दिवस घासले. मऊ लोकर माझ्यावर कुठे अडकू नये म्हणून तो मला स्वतःच्या गालावर फिरवून पाही. शेवटी गालाला काही बोचले नाही, तेव्हा तो मुलीला म्हणाला, "सासरी सगळं नवं मिळेल असं नाही. पण जुनं टिकवता आलं की काही कमी पडत नाही. हा ठेव."

अशा रीतीने मी त्या घरात आलो. दोन खोल्या, एक लांब खिडकी, आणि खाली गल्लीत उतरणारा लाकडी जिना. थंडीचा मुलूख होता. वर्षातले पाच महिने छपरावर बर्फ असायचे. घरात दोन भाऊ राहत. थोरला पोस्टमन होता, धाकटा वायरमन. त्यांचे आईवडील केव्हाच गेले होते. कातार्‍याची मुलगी थोरल्याची बायको झाली, म्हणून तिला आपण थोरली म्हणू.

थोरलीच्या हातात जादू होती असे मी म्हणणार नाही. जादूला कष्ट पडत नाहीत. हिच्या बोटांना सुयांच्या टोकांनी घट्टे पडले होते. ती मोजे विणायची, स्वेटर विणायची, पण तिचा जीव रमायचा तो दुरुस्तीत. पोस्टमनचे मोजे आठवड्याला एक भोक हमखास पाडत. रोज सहा तास चालणे, त्यात तो उजवी टाच घासून चालायचा. मी त्याला चेहऱ्याने नंतर ओळखू लागलो, टाचेने आधी.

एका हिवाळ्यात तो बर्फातून वरच्या वस्तीवर टपाल घेऊन गेला आणि तीन दिवस तिथेच अडकला. परत आला तेव्हा त्याच्या मोज्यांची चाळण झाली होती. तळवा गेला होता, चवडा गेला होता. शाबूत होती ती फक्त टाच, म्हणजे थोरलीने चार वेळा रफू केलेली जागा. पोस्टमनने तो मोजा हातावर घेतला. मग म्हणाला, "अगं, मूळ मोजा संपला. तुझा मोजा तेवढा राहिला."

"मग आता उरलेलाही माझाच करते," थोरली म्हणाली आणि तिने मला हाक मारल्यासारखे टोपलीतून उचलले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक. माझे नाव त्यात नव्हते, पण त्या टाचेखाली चारही वेळा मीच होतो.

बऱ्याच वर्षांनी वायरमनचे लग्न झाले आणि घरात धाकटी आली. तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ. ती तयार कपड्यांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर यंत्रावर विणलेल्या स्वेटरांच्या घड्या घालायची. पहिल्याच आठवड्यात तिने मला उचलून बघितले आणि विचारले, "ताई, हे काय आहे?" थोरलीने सांगितल्यावर ती हसली. "इतका वेळ एका भोकासाठी? आमच्या दुकानात मोजे ढिगानं पडलेत. एक फाटला, दुसरा घ्यायचा. हाय काय नि नाय काय!"

 थोरलीने मान खाली घालून दोरा तोडला. तिने दिलेला स्वतःचा राखाडी स्वेटर मात्र धाकटीने खुंटीवरच ठेवला. त्याच्या कोपराला आधीच एक जोड होता, आणि जोडाचे कपडे घालून दुकानात जायची तिला लाज वाटत असे.

मी हळूहळू टोपलीच्या तळाशी जाऊ लागलो. आधी मला वाटले की हा धाकटीच्या बोलण्याचा परिणाम. पण तसे नव्हते. थोरली मला पूर्वीपेक्षा कमी वेळा काढायची, आणि काढले की वेगळ्याच पद्धतीने धरायची. पूर्वी ती भोक पाहायची. आता ती त्यावरून बोट फिरवायची, पुन्हा पुन्हा. खिडकीतून मला दिसणारा तिचा चेहरा माझ्याकडे नसायचाच. तो थोडा बाजूला, कुठेतरी भिंतीकडे असायचा. मला वाटले, तिचे लक्ष नाही. लाकडाची अक्कल ती!

एक दिवस धाकटी दोरीवरचे कपडे काढत होती. पोस्टमनचा काळा मोजा तिच्या हातात आला. त्याची टाच लालभडक होती. तेवढ्यात पोस्टमन जिना चढून आला. धाकटीने मोजा नाचवला. "भाऊजी, टाच लाजली वाटतं!"

पोस्टमनने पटकन ओठांवर बोट ठेवले आणि आतल्या खोलीकडे पाहिले. टोपली दाराशी होती, त्यामुळे पुढचे मला ऐकू आले.

"तिला रंग दिसत नाहीत आता," तो हळू आवाजात म्हणाला. "रंगच काय, समोरचं माणूसही धूसर दिसतं. डोळ्याची नस सुकत चालली आहे. परत येणारी गोष्ट नाही."

"ताईंनी सांगितलं तुम्हाला?"

"छे. हॉस्पिटलचं कार्ड उघडंच येतं. गल्लीतलं टपाल मीच वाटतो, त्यात आपल्या घरचंही आलं. मी ते तिच्या हातात दिलं आणि गप्प बसलो. ती सांगत नाही, मी विचारत नाही. सांगितलं की ती सुई खाली ठेवेल, अशी भीती वाटते मला."

"आणि हे असले मोजे घालून तुम्ही पोस्टात जाता? लोक हसत नाहीत?"

"हसतात की. मी सांगतो, नवीन फॅशन आहे."

धाकटी मोजा हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या तोंडाचा पट्टा बंद झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाण्याआधी तिने लोकरीची टोपली पुढे ओढली आणि एकेका गुंड्याच्या टोकाला गाठी मारू लागली. काळ्याला एक गाठ, राखाडीला दोन, तपकिरीला तीन. लाल गुंडा तिने टोपलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला.

दुपारी थोरलीने टोपलीत हात घातला. बोटांना एक गाठ लागली. ती थांबली. दुसऱ्या गुंड्याला दोन गाठी लागल्या. तिने सगळे गुंडे तपासले.  त्यानंतर तिने एका गाठीचा गुंडा उचलला आणि पोस्टमनचा काळा मोजा काळ्या लोकरीने दुरुस्त केला. संध्याकाळी धाकटी आली, तिने मोजा पाहिला. दोघीही एक चकार शब्द बोलल्या नाहीत. मी टोपलीत पडून विचार करत राहिलो की या घरातली माणसे न बोलता केवढे बोलतात!

आता खरी गोष्ट सांगतो.

वायरमनची बदली त्या हिवाळ्यात घाटमाथ्यावरच्या चौकीवर झाली. बर्फाने तारा तुटत, त्या जोडायला तीन महिने तिथेच राहावे लागे. त्याचा एक निळा स्वेटर होता, आईने विणलेला. तो पंधरा वर्षांचा असताना शिकायला दूर गेला, तेव्हा आईने तो वाढत्या अंगाला म्हणून इतका मोठा विणला होता की सुरुवातीला बाह्या तीनदा दुमडाव्या लागत. पुढे तो अंगाबरोबर बसला. हा स्वेटर तो कामावर कधी नेत नसे. तारेत अडकून फाटेल म्हणून जपायचा. पण घरी आला की बूट काढण्याआधी विचारायचा, "माझा निळा कुठाय?" जाताना त्याने तो धाकटीच्या हातात दिला आणि म्हणाला, "सांभाळ गं. आईची एवढीच वस्तू आहे माझ्याकडे."

धाकटीने तो ट्रंकेत ठेवला. पण धुऊन ठेवला नाही, आणि डांबरगोळ्या टाकायच्या राहून गेल्या. डांबरगोळ्या म्हणजे माझेच गोल गोल भाऊबंद, वासाने बदनाम पण कामाला पक्के. दोन महिन्यांनी तिने ट्रंक उघडली आणि स्वेटर उचलला, तर त्यातून पलीकडची खिडकी दिसली. कसर लागली होती. त्या चिमुकल्या किड्यांनी छाती, पाठ, बाही, काही सोडले नव्हते.

पोस्टमन कामावर गेला होता. धाकटी स्वेटर पोटाशी धरून थोरलीसमोर येऊन बसली. बोलायला गेली आणि हुंदका फुटला.

"ताई, घात झाला. यांचा निळा स्वेटर... मी नीट ठेवला नाही. वीस दिवसांनी हे येणार. काय तोंड दाखवू मी यांना?"

"आण इकडे," थोरली म्हणाली.

तिने मला टोपलीतून काढले, स्वेटरच्या आत घातले आणि खालपासून वरपर्यंत मला सरकवत नेले. दुसऱ्या हाताचे बोट वरून माझ्याबरोबर चालत होते. एकेका भोकापाशी आम्ही थांबत होतो. काही भोके वाटाण्याएवढी होती, काही नाण्याएवढी. बाहीवरचे एक तर एवढे होते की त्यातून मी पडता पडता राहिलो.

"सत्तावीस," शेवटी थोरली म्हणाली.

"टाकून द्यावा लागेल ना?"

"कसर लागली म्हणून कुणी स्वेटर टाकतं का? कसर भरून काढायची असते." धाकटी रडता रडता हसली. मग थोरलीने तिचा हात धरला. "हे बघ. तू गाठी मारल्यास ते मला कळलं. मला दिसत नाही, हे तुला कळलं. आता लपवाछपवीत वेळ नको घालवायला. डोळे तुझे, बोटं माझी. बसतेस?"

धाकटी बसली.

आधी त्यांनी तो स्वेटर दोन रात्री बाहेर बर्फाच्या थंडीत ठेवला, म्हणजे कसरीची उरलीसुरली अंडी मरावीत. मग कोमट पाण्यात धुतला आणि सपाट पसरून वाळवला. आता अडचण लोकरीची होती. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो निळा रंग कुठल्या दुकानात मिळणार? थोरलीने गळ्याची पट्टी चाचपली. ती दुहेरी होती. आतला पदर तिने जपून उसवला. त्यातून जो धागा निघाला तो ऊन न लागल्यामुळे थोडा गडद होता, पण होता त्याच आईच्या हातचा, त्याच लोकरीचा. धाकटीने तो तळहातावर धरला आणि म्हणाली, "ताई, एवढ्यात सत्तावीस?"

"जपून वापरलं तर पुरेल. नाही पुरलं तर पाहू."

मोज्याची टाच विणकरासारखी भरता येते, उभे-आडवे धागे घालून. स्वेटरचे तसे नसते. तिथे सुटलेला प्रत्येक टाका पकडावा लागतो आणि मूळ विणीसारखाच नवा टाका त्यात ओवावा लागतो. म्हणजे जिने तो विणला तिच्या हाताची चाल ओळखून तिच्यामागून चालावे लागते. धाकटी सुटे टाके डोळ्यांनी शोधून सुईवर घ्यायची, थोरली बोटांनी धाग्याचा ताण ठरवायची.

पहिले भोक धाकटीने घाईघाईने ओढून घेतले. माझ्या पाठीवर चुण्या पडल्या. थोरलीने हात फिरवला आणि म्हणाली, "उसव. ओढू नकोस गं. भोक मिटवायचं नसतं, भरायचं असतं." धाकटीने उसवले. दुसऱ्यांदा सैल झाले. तिसऱ्यांदा जमले. मी आतून पाहत होतो. उजेडात एक निळी कडी आली, तिच्यात दुसरी कडी अडकली, तिच्यात तिसरी. शेवटची कडी बसली आणि माझ्यावर काळोख झाला तेव्हा बाहेरून धाकटीचा आवाज आला, "ताई! ताई, गेलं! भोक कुठं होतं तेच मला दिसत नाहीये!"

यंत्रावरचे हजारो स्वेटर हाताखालून गेलेली ती बाई, पण तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मला वाटले, चला, आता या घरात माझ्यासारखे थक्क होणारे आणखी कुणीतरी आहे.

रोज दुकानातून आल्यावर दोघी खिडकीशी बसत. दिवसाला दोन भोके, कधी एकच. सतराव्या दिवशी पंचवीस भोके भरून झाली होती. थोरली मला डाव्या खांद्याखाली सरकवत होती. तिचे बोट एका जागी थांबले. मागे गेले. पुन्हा तिथेच आले.

"इथं काय आहे?"

"कुठं? इथं भोक नाही, ताई."

"भोक नाही," थोरली सावकाश म्हणाली. "भोक होतं."

धाकटीने स्वेटर खिडकीपाशी नेला. उजेडात धरला, उलटा केला, ताणून पाहिला. वीण सारखी, रंग सारखा. "काहीच नाही इथं."

"डोळे मीट. आता हात फिरव."

धाकटीने डोळे मिटले. तिचे बोट माझ्यावरून गेले, परत आले, आणि थांबले. मलाही तेव्हा जाणवले. बाकी वीण माझ्या पाठीवर टेकते त्यापेक्षा तिथली केसभर अधिक दाटपणे टेकत होती. तीन बोटे रुंद जागा. कुणीतरी तिथला एकूण एक टाका पुन्हा विणला होता. पंचवीस वर्षांत कुणाच्याच डोळ्यांना ते दिसले नव्हते.

"हे सासूबाईंचं काम," थोरली पुटपुटली. तिने सासूला कधी पाहिले नव्हते. ती या घरात आली त्याआधीच सासू गेली होती. तिचे बोट त्या जागेवरून हलेना. "काय हात होता गं... आज भेटले मी त्यांना."

मित्रांनो, मी लाकूड आहे. पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला असे मी म्हटले तर विश्वास ठेवा. मला वाटत होते, रफू म्हणजे काय ते मला सगळे कळले आहे. आणि इथे माझ्या पाठीवर असे काम होते की ज्याखाली कधीतरी भोक होते हे मला सांगूनही पटले नसते.

जिना वाजला. पोस्टमन आला. थोरलीने विचारले, "अहो, हा स्वेटर आईंनी कधी रफू केला होता का? इथं, खांद्याखाली?"

पोस्टमन दारातच थांबला. पिशवी खांद्यावरून उतरवायची तो विसरला.

"तुला कसं कळलं?"

"बोटांना कळलं."

तो हळूच येऊन स्टुलावर बसला. 

"मी कापला होता तो," तो म्हणाला. "कात्रीनं. मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबा गेले आणि मी शिक्षण सोडून पोस्टात पोती उचलायला लागलो. धाकट्याला मात्र शिकायला पाठवायचं ठरलं. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण आई रोज माझ्यासमोर बसून ह्याच्यासाठी स्वेटर विणायची, आणि माझ्या अंगात बाबांचा फाटका कोट. एक दिवस घरात कुणी नव्हतं, आणि मी..." त्याने बोटांची कात्री करून दाखवली. "कापला आणि पळालो. दिवसभर घरी आलो नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्वेटर अख्खा! मी शोध शोध शोधलं. भोक नाहीच. मला वाटलं, मला स्वप्न पडलं असावं."

"आई काय म्हणाल्या?" धाकटीने विचारले.

"एक शब्द नाही. कुणी केलं ते विचारलं नाही. फक्त मला वाढताना म्हणाली, तुझी छाती मोजून घ्यायची आहे, लोकर आणायची आहे." त्याने स्वेटरच्या बाहीवरून हात फिरवला. "आणली तिनं लोकर. माझाही विणला. मी तो घालून घालून पार फाडला. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. अजून त्यालाही नाही."

"पंचवीस वर्षं पोटात ठेवलंत," थोरली म्हणाली. "मलाही नाही सांगितलंत."

"तू तरी कुठं सांगितलंस? डोळ्यांचं?"

 खाली गल्लीत कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होते. मग थोरलीने हात पुढे केला आणि चाचपत त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"मला वाटलं, तुम्ही सुई काढून घ्याल."

"मला वाटलं, तू सुई टाकून देशील."

धाकटी दोघांकडे पाहत होती. तिने नाक ओढले आणि म्हणाली, "कमाल आहे तुमची! मी तर दोन दिवस जेवण सोडलं असतं पण बोलल्याशिवाय राहिले नसते." त्यावर तिघेही हसले, आणि हसता हसता थोरलीच्या त्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

विसाव्या दिवशी सत्तावीस भोके भरून झाली आणि आतल्या पट्टीचा वीतभर धागा उरला. वायरमन आला. बूट काढण्याआधी त्याने विचारले, "माझा निळा कुठाय?" धाकटीने तो आणून दिला. त्याने अंगात घातला, हात वर-खाली केले, आणि "वा, धुतलास वाटतं!" म्हणाला. त्याला काहीच कळले नव्हते. धाकटी गप्प बसली असती तर कधीच कळले नसते. मी टोपलीतून पाहत होतो. तिने पदराशी चाळा केला, घसा खाकरला.

"ऐका. याला कसर लागली होती. माझ्या हलगर्जीपणामुळं. सत्तावीस भोकं होती. ताईंनी आणि मी भरली."

वायरमन हसला. "चेष्टा करू नकोस. कुठं आहेत भोकं?" त्याने बाही पाहिली, छाती पाहिली, अंगातून काढून पाठ पाहिली. धाकटीने त्याचे बोट धरून एकेका जागेवर ठेवले. सातव्या-आठव्या जागेपर्यंत त्याचे हसू थांबले होते. तो मुकाट्याने थोरलीपाशी गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. "वहिनी," एवढेच म्हणाला. 

तेव्हा पोस्टमन पुढे आला. "त्यात एक अठ्ठाविसावं पण आहे. ते माझं." आणि त्याने कात्रीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खाली बघून.

वायरमनने सगळे ऐकून घेतले. मग त्याने कपाळावर हात मारला. "म्हणून तू मला तुझी सायकल दिलीस होय! पंचवीस वर्षं मी विचार करतोय, ह्या कंजूस माणसाला त्या वर्षी झालं होतं तरी काय!"

त्यानंतर खूप हिवाळे गेले. थोरलीची दृष्टी आता पूर्ण गेली आहे. तिची बोटे मात्र अजून तशीच आहेत. ती फक्त विणते. दुरुस्ती धाकटीकडे आली आणि तिच्याबरोबर मीही. आजकाल मी त्या तयार कपड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसतो. कुणी उसवलेला स्वेटर परत करायला आले की धाकटी म्हणते, "बसा पाच मिनिटं." मालक कुरकुरतो, "अहो बाई, तुम्ही नवे विकायला आहात की जुने वाचवायला?" ती म्हणते, "दोन्हीला." तो गप्प बसतो, कारण दुरुस्तीला आलेले गिऱ्हाईक जाताना टोपी तरी घेऊन जाते.

माझ्या दांडीला आता बारीक चीर गेली आहे. वर सुयांचे ओरखडे आहेत. तरी माझे थक्क होणे काही कमी झालेले नाही. परवाच शाळेतली एक मुलगी आईबरोबर आली होती. आई कोट बघत होती आणि ही बाकावर बसून एक पाय दुसऱ्या पायामागे लपवत होती. धाकटीच्या नजरेतून ते सुटणार थोडेच! "काढ बघू मोजा," ती म्हणाली. मुलीने लाजत लाजत काढला. आजीने विणलेला मोजा होता, पिवळा, अंगठ्यापाशी भोक. मी आत गेलो. मुलगी बाकावरून उतरून इतकी जवळ आली की भोकातून मला तिचा डोळाच दिसू लागला. धागे उभे झाले, आडवे झाले, उजेड बारीक होत गेला. शेवटच्या फटीतून मला दिसले की तिने श्वास रोखून धरला आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्यासाठी कुणी हाताने काही विणले असेल तर ते धुऊन, वाळवून, जपून ठेवा. आणि इतके करूनही भोक पडलेच, तर पाय लपवू नका. भोक लहान आहे तोवरच ते कुणाला तरी दाखवा. लपवलेले भोक आपोआप कधी लहान झाल्याचे मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेले नाही.